नाव मुंबईचं, रक्त कुणाचं?

आमच्या लांज्यात घरटी एक मुंबईकर, म्हणून 'बॉम्बे ब्लड ग्रुप' या नावाचं मला कुतूहल.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मुंबईत सापडलेल्या या रक्ताची माहिती दिली. याला ओ गटाचं रक्तही चालत नाही! ओ गटाच्या तांबड्या पेशींवर 'एच' नावाचा पदार्थ असतो. इथे तो नसतोच, उलट रक्तद्रवात त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं असतात. साध्या तपासणीत मात्र हे रक्त 'ओ'च दिसतं. म्हणून क्रॉसमॅच टाळायची नाही.

हा गुण आई-वडील दोघांकडून येतो. म्हणून दाता आधी सख्ख्या भावंडांत शोधायचा. नाव शहराचं असलं, तरी मला वाटतं, चौकशी गावच्या घरीच करावी लागते.