टीव्हीचं तंत्र बदलतं, पण पडद्यामागच्या माणसांना ते शिकवतं कोण?

कल्याणहून सकाळी सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये मराठी टीव्हीची मोठी फौज उभी असते. एडिटर, साउंड रेकॉर्डिस्ट, कॅमेरा असिस्टंट, मेकअप करणारे, मालिकांचे संवाद लिहिणारे. कुणी ठाण्याला उतरून घोडबंदर रस्त्यावरच्या सेटकडे जातं, तर कुणी घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरीतलं एडिटिंगचं ऑफिस गाठतं. पडद्यामागच्या अनेकांना परवडणारं घर मिळालं ते कल्याण-डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर याच पट्ट्यात.

यातल्या पंचेचाळिशीच्या एडिटरने आजवर किमान तीनदा आपलं काम नव्याने शिकलेलं असतं. आधी टेपवरून कॉम्प्युटरवर, मग साध्या चित्रावरून एचडीवर आणि एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर. आता एआयची पाळी आहे. प्रत्येक वेळी त्याला शिकवलं कुणी, असं विचारलं तर बहुतेकदा उत्तर सारखंच येतं. मित्राने दाखवलं, यूट्यूबवर पाहिलं, चुका करत शिकलो.

नेहमी असंच नव्हतं. टीव्हीत काम करणाऱ्यांना शिकवणं ही एकेकाळी नोकरी देणाऱ्याची जबाबदारी होती.

पगार चालू, शिक्षण पुण्यात

मुंबई दूरदर्शनचं प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तेव्हा टीव्हीचा अनुभव असलेली माणसं महाराष्ट्रात नव्हतीच. कुणी आकाशवाणीतून आलं, कुणी नाटकातून, कुणी सिनेमातून. आवाजावर हुकूमत असलेल्याला कॅमेरा नवा होता आणि सिनेमावाल्याला थेट प्रक्षेपण.

यावरचा उपाय पुण्यात होता. जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटला दिल्लीतला टीव्ही प्रशिक्षण विभाग जोडला गेला आणि १९७४ मध्ये तो विभाग पुण्याला आला. आपण आज जिला एफटीआयआय म्हणतो ती हीच संस्था. दूरदर्शनचे कर्मचारी इथे शिकायला यायचे. आकाशवाणीची कर्मचारी प्रशिक्षण संस्था तर १९४८ पासून दिल्लीत होती. शिकायला आलेल्या माणसाचा पगार चालू असायचा आणि परतल्यावर त्याची खुर्ची जागेवर असायची. आजच्या फ्रीलान्सरला ही गोष्ट परीकथेसारखी वाटेल.

या शिक्षणाची गरज किती खोलवर जाते, ते १९८२ मध्ये दिसलं. त्या वर्षी दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने भारतीय टीव्ही रंगीत झाला. रंग आला म्हणजे फक्त नवा कॅमेरा आला असं नाही. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर लाल साडी आणि हिरवी साडी जवळपास एकाच करड्या छटेत दिसू शकते. तिथे माणसं उठून दिसावीत म्हणून उजेड-सावलीचा खेळ करावा लागायचा. रंगीत पडद्यावर त्याच दोन साड्या वेगळ्या दिसू लागल्या आणि मागच्या भिंतीचा भडक निळा रंगही लक्ष खेचू लागला. म्हणजे यंत्र इंजिनिअरच्या हाती आलं, पण धडे नेपथ्यकाराला, कपडेपटाला, मेकअपमनला आणि दिग्दर्शकाला घ्यावे लागले. तंत्राचं प्रशिक्षण म्हणजे तंत्रज्ञांचं प्रशिक्षण, हा समज तिथेच मोडायला हवा होता. तो अजून मोडलेला नाही.

सरकारी व्यवस्था संथ होती, जागा मोजक्या होत्या, हे खरंच. पण शिकवायचं कुणी, हा प्रश्न तिथे नव्हता.

खर्च कुणाच्या खिशातून?

१५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू झाली. पुढे तीच झी मराठी झाली. २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली, २००८ मध्ये स्टार प्रवाह. कामं भरपूर वाढली, पण कामाची रचना बदलली.

वाहिनी मालिका स्वतः बनवत नाही, ती निर्मिती संस्थेकडून बनवून घेते. निर्मिती संस्था कॅमेरामन, एडिटर, लेखक, कलादिग्दर्शक यांना त्या मालिकेपुरतं घेते. पैसे शिफ्टवर, एपिसोडवर किंवा महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर. टीआरपी घसरला की मालिका बंद आणि युनिट मोकळं. दैनंदिन मालिकेला आठवड्याला सहा-सहा एपिसोड द्यायचे असतात. एपिसोडचा साठा, म्हणजे सेटच्या भाषेत 'बँक', संपत आला की शिकण्यासाठी एक दिवसही बाजूला काढता येत नाही.

आता हिशेब निर्मात्याच्या बाजूने मांडून पाहू. आज एडिटरला नवं सॉफ्टवेअर शिकवायला पैसे घातले आणि चार महिन्यांनी मालिका संपली, तर तो शिकलेला एडिटर दुसऱ्या निर्मात्याकडे जाणार. मग खर्च कशाला? त्यापेक्षा शिकलेला माणूसच घ्यावा. सगळे निर्माते असाच विचार करतात, त्यामुळे शिकलेला माणूस सगळ्यांना हवा असतो आणि त्याला शिकवण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. यात कुणी एक खलनायक नाही. सगळा भार मात्र एकाच बाजूला सरकतो. कोर्सची फी, घरचा कॉम्प्युटर, सॉफ्टवेअरचं भाडं आणि बुडालेली शिफ्ट, सगळं काम करणाऱ्याच्या खिशातून जातं.

सरकारी प्रसारणातही कायम नोकरीची जागा हळूहळू कंत्राटी आणि नैमित्तिक कामाने घेतली. त्यामुळे पगार चालू ठेवून शिकण्याची सोय तिथेही थोड्यांपुरतीच उरली.

बटणं आणि नजर

नव्या तंत्राचं शिक्षण म्हटलं की सॉफ्टवेअरची बटणं शिकवली जातात. ती लागतातच. २०११ च्या जूनमध्ये ॲपलने फायनल कटची नवी आवृत्ती आणली, तेव्हा जुन्या आवृत्तीतली कामं तिच्यात उघडतच नव्हती. जगभरच्या एडिटरांनी वैतागून प्रीमियरची वाट धरली. ज्याला एकच सॉफ्टवेअर येत होतं तो अडकला. ज्याला कट कुठे आणि का मारायचा हे कळत होतं, त्याने महिनाभरात नवी बटणं पाठ केली.

ते 'कुठे आणि का' शिकायची जागा होती असिस्टंटची खुर्ची. टेपच्या काळात एडिटिंग एका सरळ रेषेत चालायचं. मधला एक शॉट लांबवायचा तर पुढचं सगळं पुन्हा रेकॉर्ड करावं लागायचं. त्यामुळे कट मारण्याआधी बोलणं व्हायचं, वाद व्हायचे आणि मशीन एकच असल्याने असिस्टंट त्याच खोलीत बसून ते ऐकायचा. टेपवर नावं लिहायची, शॉटची यादी करायची, चहा सांगायचा आणि कान उघडे ठेवायचे, हा त्याचा अभ्यासक्रम.

कॉम्प्युटर आला आणि शॉट हवे तसे हलवता येऊ लागले. फार चांगलं झालं. टेपची जागा मेमरी कार्डांनी घेतली. मग २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरून एडिटिंग ही सक्ती झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण पुन्हा थांबलं, तेव्हा अनेक मराठी मालिका गोव्यात आणि इतर राज्यांत गेल्या. शूटिंग एका राज्यात आणि एडिट डोंबिवलीतल्या हॉलमध्ये, हे शक्य आहे हे सगळ्यांना कळलं. कल्याण-डोंबिवलीकरांचे प्रवासाचे रोजचे तीन तास वाचले, ही छोटी गोष्ट नाही. पण घरातल्या त्या टेबलाशेजारी असिस्टंटची खुर्ची नव्हती.

आता एआय नेमकी असिस्टंटचीच कामं करतंय. संवाद ऐकून टाइप करणं, आवाज आणि चित्र जुळवणं, पंख्याची घरघर काढणं, सबटायटल लावणं, कच्चा कट लावणं. ही कामं कंटाळवाणी होती आणि ती गेली म्हणून कुणी रडणार नाही. मात्र नवखा माणूस याच कंटाळवाण्या कामांतून शंभर तासांचं फुटेज डोळ्यांखालून घालायचा.

एक उदाहरण घेऊ. आज मालिकेचा प्रत्येक प्रसंग मोबाइलसाठी उभ्या चौकटीतही लागतो. टीव्हीची १६:९ ची आडवी चौकट कापून ९:१६ ची उभी करायची. हे काम सॉफ्टवेअर आपोआप करतं. सहसा ते बोलणाऱ्याचा किंवा हलणाऱ्याचा चेहरा धरून ठेवतं. आता प्रसंग असा की सासूबाई बोलतायत आणि सून गप्प उभी आहे. मराठी मालिका पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं की इथे पाहायचं आहे ते सुनेचं तोंड. सॉफ्टवेअर मात्र सासूबाईंवर ठाम. हा कट चुकलाय हे ओळखणारा माणूस हवा आणि तो बटणांच्या कोर्समधून तयार होत नाही.

ठाणे-कल्याण पट्ट्याकडे नजर तयार करणारी एक जुनी शाळा आहे, ती म्हणजे एकांकिका. महाविद्यालयांच्या तालमी, गडकरी रंगायतन, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले नाट्यगृह, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर. एका स्पॉटलाइटमध्ये प्रसंग उभा करायला शिकलेली मुलं पुढे मालिकांत लेखक, दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार म्हणून दिसतात. त्यांना तंत्र शिकवायला फार वेळ लागत नाही. याउलट क्रमाने गेलं तर मात्र जड जातं.

सोयी आहेत, पण कुणासाठी?

प्रशिक्षणाच्या नव्या संस्था नाहीत असं नाही. माध्यम आणि मनोरंजन क्षेत्रासाठीची कौशल्य परिषद २०१२ पासून आहे. एडिटर, साउंड, मेकअप अशा कामांचे दर्जे ती ठरवते. आधीपासून काम येत असलेल्यांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही आहे. एफटीआयआयने २०१७ मध्ये 'स्किफ्ट' नावाने पुण्याबाहेर जाऊन छोटे कोर्स घ्यायला सुरुवात केली. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या मुंबईतल्या संस्थेला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि जुलै २०२५ मध्ये पेडर रोडच्या एनएफडीसी संकुलात तिचं पहिलं आवार सुरू झालं. ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स हा तिचा मुख्य विषय.

अडचण वेळेची आहे. बारा तासांची शिफ्ट आणि तीन तासांचा प्रवास करणाऱ्या माणसाला पेडर रोडवरचा पूर्णवेळ वर्ग कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच सोयी उभ्या राहतायत. वीस वर्षं काम केलेल्या, घराचे हप्ते भरणाऱ्या माणसाचा विचार कमी दिसतो आणि एआयची भीती त्यालाच जास्त आहे. दूरदर्शनच्या डीडी किसान वाहिनीने मे २०२४ मध्ये 'क्रिश' आणि 'भूमी' हे दोन एआय निवेदक पडद्यावर आणले, तेव्हा चर्चा निवेदकांच्या नोकऱ्यांची झाली. पडद्यामागच्या कामांत हेच तंत्र काहीही जाहीर न होता येतं.

फ्रीलान्सरांवर चालणाऱ्या टीव्हीत हा प्रश्न सुटू शकतो का? ब्रिटनने एक वाट काढली आहे. तिथे स्क्रीनस्किल्स नावाची संस्था मोठ्या बजेटच्या मालिकांकडून कौशल्य निधी गोळा करते. मालिकेच्या ब्रिटनमधल्या खर्चाचा अर्धा टक्का, ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत. त्या पैशातून फ्रीलान्सरांचं प्रशिक्षण चालतं. त्यामुळे शिकलेला माणूस दुसऱ्याकडे गेला तरी कुणा एकाचं नुकसान होत नाही, कारण पैसे सगळ्यांनी मिळून घातलेले असतात. मराठी मालिकांची बजेटं त्यांच्यापुढे फार लहान आहेत, पण टक्केवारीचं गणित लहान आकड्यालाही लागू होतं. वाहिनी, निर्माते आणि कामगार संघटना एका टेबलावर आल्या तर ठाण्यातल्या सेटजवळ किंवा कल्याणमधल्या एखाद्या महाविद्यालयात रविवारचा वर्ग भरवणं अवघड नाही.

फी भरण्याआधी

तोवर स्टेशनबाहेरच्या खांबांवर 'एआय व्हिडिओ एडिटिंग, शंभर टक्के जॉब गॅरंटी' असे फलक दिसत राहणार. पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. शिकवणारा माणूस सध्या कुठल्या कामावर आहे? सरावाला न कापलेलं खरं फुटेज मिळणार का, की इंटरनेटवरचे तयार तुकडे? केलेल्या कामावर कुणी समोर बसून, हा कट का चुकला, असं बोलणार का? तिसऱ्या प्रश्नाला नकार आला तर तो कोर्स यूट्यूबवर फुकट मिळतो असं समजावं. सॉफ्टवेअरच्या फीचं कारण कुणी सांगितलं, तर एडिटिंग आणि रंगकामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती उपलब्ध आहे. ती नीट चालेल असा कॉम्प्युटर मात्र स्वतःच घ्यावा लागतो आणि त्याचा हप्ता कोर्सच्या फीपेक्षा जड असू शकतो.