आठ ट्रॅक आणि एक निर्णय : ध्वनिमुद्रण घरी आलं त्याची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण तबकडीवरच्या मुद्रणापाशी थांबलो होतो. आज पुढचा टप्पा बघू : अनेक ट्रॅकचं मुद्रण, आणि ते घरात कसं आलं.

ट्रॅक म्हणजे काय? टेपच्या पट्टीवर शेजारीशेजारी धावणाऱ्या वाटा डोळ्यांसमोर आणा. एका वाटेवर गिटार मुद्रित केली, की ती ऐकत दुसऱ्या वाटेवर आवाज भरायचा. म्हणजे एकटा माणूस स्वतःलाच साथ करू शकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं एका वेळी घडलं. प्रत्यक्षात तशी मैफल कधीच झालेली नसते.

अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी हा उद्योग घरच्या गॅरेजमध्ये केला. तेव्हा हाताशी टेप नव्हती. एका तबकडीवरचं वाजवायचं, त्याच्या जोडीनं स्वतः वाजवायचं, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायचं. असे थर चढवत तयार केलेलं त्यांचं ‘लव्हर’ १९४८ साली बाहेर आलं. एखादा थर चुकला, तर मागं जाऊन पुन्हा करा! शिवाय प्रत्येक नकलेत थोडी खरखर वाढायची.

सामान्य वादकाच्या घरी हे तंत्र पोचलं १९७९ साली, टॅस्कॅमच्या ‘पोर्टास्टुडिओ १४४’ या यंत्रामुळे. साध्या कॅसेटच्या दोन बाजूंना मिळून चार ट्रॅक असतात. या यंत्रानं चारही एकाच दिशेनं वापरले आणि टेप दुप्पट वेगानं फिरवली. पण चार ट्रॅक पुरणार किती? मग तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, आणि रिकामे झालेले तीन पुन्हा वापरायचे. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. एकदा मिसळलेलं वेगळं करता येत नाही. दुधात साखर विरघळली ती विरघळली.

१९८२च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी न्यू जर्सीतल्या घरी याच यंत्रावर गाणी मुद्रित केली. वादकवृंदाला कल्पना यावी, एवढाच हेतू होता. पुढं वृंदासह प्रयत्न झाले, पण कॅसेटवरचं काही त्यात उतरेना. शेवटी त्या घरगुती मुद्रणाचाच ‘नेब्रास्का’ हा अल्बम त्याच वर्षी निघाला.

आता डिजिटल यंत्रं. इथं ध्वनी आकड्यांत साठवला जातो, आणि आकड्यांची नक्कल करताना काही झिजत नाही. १९९२ साली बाजारात आलेलं अलेसिसचं ‘एडॅट’ व्हिडिओच्या धर्तीच्या कॅसेटवर आठ ट्रॅक घेई. अशी सोळा यंत्रं जोडली की १२८. १९९६ साली रोलंडचं ‘व्हीएस-८८०’ आलं. त्यात टेपच नव्हती, हार्ड डिस्क होती. आठ ट्रॅक, प्रत्येकाचे आठ पर्याय, आणि केलेलं मागं घेण्याच्या ९९९ पायऱ्या!

आपल्याकडे म्हणतात, सुटलेला बाण आणि बोललेला शब्द परत येत नाही. इथं तो ९९९ वेळा परत येतो. माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न इथं सुरू होतो. तासावर भाडं घेणाऱ्या स्टुडिओत ‘झालं, आता पुरे’ हे बऱ्याचदा खिसा ठरवायचा. घरच्या टेपवर ते ट्रॅकची संख्या ठरवायची. हार्ड डिस्कसमोर बसलेल्या माणसाला मात्र ते स्वतःच ठरवावं लागतं.

म्हणून कुणी म्हणेल, जुनंच बरं होतं. मला ते पटत नाही. टंचाई हा काही गुण नव्हे. भाडं परवडत नव्हतं म्हणून किती जणांचं संगीत मुद्रितच झालं नसेल, याचाही हिशेब मांडायला हवा.

आणि सोय असली की निर्णय संपतो, असंही नाही. ॲलॅनिस मॉरिसेट यांचा १९९५चा ‘जॅगेड लिटल पिल’ बघा. निर्माते ग्लेन बॅलर्ड यांच्या घरच्या स्टुडिओत, एडॅटवर, गाणं रचताना घेतलेला आवाजच बऱ्याच गाण्यांत कायम ठेवला गेला. पुन्हा गाता आलं असतं. तरी त्यांनी ठेवला. पर्याय हाताशी असताना ‘हेच’ म्हणणं, हाच खऱ्या अर्थानं निर्णय. पर्यायच नसतो तेव्हा आपण जे करतो त्याला फार तर नाइलाज म्हणता येईल.

आज इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.