वास्तूचा वाढीव खर्च आणि कारागिराचा हक्क

घर असो, उपाश्रय असो वा जिनालय असो, प्रारंभी योजलेल्या रकमेतच पूर्ण झालेली वास्तू विरळाच आढळते. पायात अनपेक्षित खडक लागतो, दगडाचा भाव चढतो, अर्ध्यावर आल्यावर यजमानालाच आणखी एक दालन हवेसे वाटते. अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. हा वाढीव खर्च कोणी सोसावयाचा, आणि तो पैसा नेमका कोणाच्या हाती पडावयाचा? सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण वास्तू उभारणाऱ्या दात्यांचे स्मरण करीत असताना, याच प्रश्नांकडे आपल्या पूर्वजांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, हे जाणून घेणे उचित ठरेल.

या संदर्भात अर्बुदगिरीवरील लूणवसहीचे उदाहरण फार बोलके आहे. धोळक्याच्या वाघेला राजवटीतील मंत्री तेजपाल याने पत्नी अनुपमादेवी व पुत्र लूणसिंह यांच्या श्रेयार्थ भगवान नेमिनाथांचे हे संगमरवरी मंदिर उभारले. विक्रम संवत १२८७ मध्ये, म्हणजे इ.स. १२३० मध्ये, विजयसेनसूरींच्या हस्ते त्याची प्रतिष्ठा झाली. सूत्रधार होता शोभनदेव. बांधकामाची देखरेख अनुपमादेवीचा भाऊ ऊदल याच्याकडे होती, असे परंपरा सांगते.

बांधकामानंतर शतकभराने व त्याही पुढे रचल्या गेलेल्या प्रबंधग्रंथांत या कामाची एक हकिकत येते. कारागीर आगाऊ द्रव्य घेतात, ते खर्चून टाकतात आणि काम मात्र पुढे सरकत नाही, अशी तक्रार ऊदलाने केली. आजच्या कोणत्याही घरमालकाच्या तोंडी शोभेल अशीच ही तक्रार होय. पण अनुपमादेवी दोषारोप करीत बसली नाही. ती स्वतः अर्बुदगिरीवर गेली आणि तिने शोभनदेवालाच विलंबाचे कारण विचारले. गिरिशिखरावरील थंडीत पहाटे हात चालत नाहीत, दुपारी प्रत्येकाला आपापला स्वयंपाक करावा लागतो, पुरेसे सकस अन्न मिळत नाही, अशी वस्तुस्थिती त्याने मांडली. तेव्हा तिने कारागिरांजवळ शेगड्या ठेवविल्या, सिद्ध भोजनाची सोय केली, आणि दिवसपाळी व रात्रपाळीसाठी निरनिराळे कारागीर नेमले. लक्ष्मी चंचल आहे, आयुष्य क्षणभंगुर आहे, म्हणून सत्कार्य लांबवू नये, अशी तिची धारणा होती.

या कथेचे मर्म ध्यानी घेतले पाहिजे. खर्च वाढला तो ऊब, अन्न आणि मनुष्यबळ यांवर. तो कारागिराच्या मजुरीतून कापला गेला नाही. तो यजमानाने सोसला, आणि ज्याला गरज होती त्याच्यापर्यंत तो थेट पोहोचविला. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ यांची गणना होते. शक्तीपेक्षा अधिक भार लादू नये, आश्रिताचे अन्नपाणी तोडू नये, ही शिकवण अनुपमादेवीने व्याख्यानापुरती न ठेवता बांधकामाच्या व्यवस्थेत उतरविली.

देलवाड्याविषयी आणखी एक लोककथा प्रसिद्ध आहे. नक्षीकाम करताना पडणारा संगमरवराचा भुगा तोलून कारागिरांना तितकेच रुपे दिले जाई, असे सांगतात. लूणवसहीच्या खर्चाचा बारा कोटी त्रेपन्न लक्ष हा परंपरागत आकडाही याच कुळातला. तो हिशेबाचा नव्हे, गौरवाचा आकडा मानावा. तथापि लोकस्मृतीने ही कथा जपली, यातच तिचे मोल आहे. ठरल्यापेक्षा सूक्ष्म काम केले तर मोबदलाही अधिक मिळावा, तो सर्वांसमक्ष तोलून मिळावा, आणि छिन्नी चालविणाऱ्याच्याच हाती पडावा, हे न्यायाचे चित्र समाजाला प्रिय वाटले.

वास्तू पूर्ण झाल्यावरही खर्च थांबत नाही. याचे भान लूणवसहीच्या शिलालेखात स्पष्ट दिसते. मंदिराचे स्नान-पूजन कोणत्या कुटुंबांनी पाहावे, वार्षिक अष्टाह्निक महोत्सवाचा कोणता दिवस कोणत्या गावच्या श्रावकांनी साजरा करावा, याची वाटणी तेथे कोरून ठेवली आहे. जबाबदारी कोणाची, हे शिळेवर लिहिलेले असल्याने पुढे वादाला जागा उरली नाही.

हीच परंपरा मुंबईच्या शेठ मोतीशा यांच्यापर्यंत येऊन पोहोचते. भायखळ्याचे आदिनाथ जिनालय (१८२९) उभारणाऱ्या या जहाजमालकाने शत्रुंजयावरील दोन शिखरांमधली कुंतासरची खोल दरी भरून काढून तिच्यावर टूंक रचविली. मूळ मंदिराआधी दरी भरण्याचाच केवढा तरी खर्च! दगड चढविण्यासाठी लागलेल्या दोरखंडांवरच ऐंशी हजार रुपये खर्ची पडले, असे परंपरा सांगते. १८३६ मध्ये मोतीशा निवर्तले. पण काम अडले नाही. पुत्र खीमचंद यांनी पुढील वर्षी प्रतिष्ठा करविली. पित्याने स्वीकारलेला भार पुत्राने पूर्णत्वास नेला.

आज आपण घर किंवा धर्मशाळा बांधतो तेव्हा कंत्राटदार ठरल्याबाहेरच्या कामासाठी फरशीवाल्याला, लाकूडवाल्याला किंवा लोखंडाच्या व्यापाऱ्याला परस्पर पैसे देण्यास सुचवितो. त्यात गैर काही नाही. उलट पैसा योग्य हाती पडतो आणि मालाची पारखही होते. मात्र पथ्ये पाळावीत. वाढीव काम किती व दर कोणता, हे आधी लिहून त्यावर कंत्राटदाराची सही घ्यावी, म्हणजे तीच रक्कम दुसऱ्यांदा मागितली जाणार नाही आणि कामाची जबाबदारीही त्याच्यावरच राहील. माल मोजून घ्यावा, बिल आपल्या नावे घ्यावे, रक्कम धनादेशाने द्यावी. संस्थेच्या बाबतीत विश्वस्तांचा ठराव आधी हवा आणि खर्च नंतर. देवद्रव्य साधारण खात्याच्या कामात जाऊ नये, हा दंडक तर आपणांस सुपरिचितच आहे. हीनाधिक मानोन्मान हा अचौर्य व्रताचा अतिचार सांगितला आहे. तो केवळ तराजूला नव्हे, हिशेबाच्या वहीलाही लागू पडतो.

वास्तूचे सौंदर्य दगडात असते, पण तिचे पावित्र्य तिच्या हिशेबात असते. ज्या भिंतीखाली कोणा मजुराचे वा व्यापाऱ्याचे देणे गाडलेले नाही, तीच भिंत खऱ्या अर्थाने धर्माची. येत्या पन्नास वर्षांत आपल्या हातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक वास्तूबाबत असे म्हणता यावे, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना. जय जिनेंद्र!