वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड

कोल इंडिया लिमिटेड ह्या सरकारी कंपनीची कोळसा-उत्पादन करणारी एक उपकंपनी. मुख्यालय नागपूर. तिच्या खाणी महाराष्ट्रातील नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ आणि मध्य प्रदेशातील बैतूल व छिंदवाडा ह्या जिल्ह्यांत आहेत.

वर्धा खोऱ्यात वरोरा येथे इंग्रजी अमदानीत सुरू झालेली सरकारी कोळसा खाण १९०६ मध्ये बंद पडली. पुढे बल्लारपूर, कामठी इ. भागांत नव्या खाणी निघाल्या. १ मे १९७३ रोजी बिगर-कोक कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले व १९७५ मध्ये कोल इंडियाबरोबरच ही उपकंपनी अस्तित्वात आली. आजच्या छत्तीसगढमधील खाणी १९८५ च्या अखेरीस स्थापन झालेल्या साउथ ईस्टर्न कोलफील्ड्सकडे गेल्याने तिचे क्षेत्र मर्यादित झाले. कोराडी, खापरखेडा व चंद्रपूर येथील औष्णिक वीजकेंद्रे तिच्या कोळशाची प्रमुख ग्राहक होत.

उघड्या खाणीत कोळशाचा थर मोकळा करण्यासाठी त्यावरील माती व खडक काढून ढीग रचावे लागतात. ह्या ढिगांतील वालुकाश्म दळून व धुऊन बांधकामयोग्य वाळू मिळते. नागपूर जिल्ह्यातील भानेगाव खाणीत हा प्रयोग प्रथम झाला व तेथील वाळू नागपूर सुधार प्रन्यासाच्या घरबांधणीस पुरविण्यात आली. पुढे गोंडेगाव येथे दररोज सु. २,५०० घ. मी. वाळू देणारा कारखाना उभारण्यात आला. खाणीतून उपसलेले पाणी शेतीस व गावांस देण्यात येते; पाटणसावंगी येथे ते शुद्ध करून बाटल्यांत भरण्याची सोय करण्यात आली.

कोळशाचे साठे मर्यादित असल्याने मूळ कंपनीनेही अन्य क्षेत्रांकडे लक्ष वळविले. कोल इंडियाने ३,००० मेगॅवॉट सौरऊर्जेचे उद्दिष्ट जाहीर केले. नवीकरणीय ऊर्जेसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र उपकंपनी स्थापली आणि २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील अलीराजपूर जिल्ह्यातील खट्टाली छोटी हा ग्रॅफाइटचा पट्टा लिलावात मिळविला. विद्युत् घटांच्या ऋणाग्रासाठी ग्रॅफाइट लागत असल्याने त्यास महत्त्व आले आहे.

ह्या बदलात जमिनीचा प्रश्न कळीचा आहे. कोळसा क्षेत्र संपादन अधिनियम, १९५७ खाली घेतलेली जमीन कोळशासाठीच होती. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केलेल्या धोरणानुसार, कोळसा संपलेली किंवा खाणकामास अयोग्य ठरलेली अशी जमीन सौरऊर्जा इ. प्रकल्पांसाठी भाडेपट्ट्याने देता येते. तिची मालकी मात्र सरकारी कंपनीकडेच राहते. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी देण्याची तरतूद आहे. सौर प्रकल्प उभा राहिल्यानंतर त्यास फारच थोडे कामगार पुरतात. त्यामुळे खाण संपल्यावर जमीनही परत न मिळणाऱ्या कुटुंबांच्या पुढील पिढीस काम कोठून मिळावे, हा प्रश्न केवळ उद्योगाचे स्वरूप बदलल्याने सुटत नाही.