'शुड'चं कर्ज

२००४ साली मी पुण्यात एका कंपनीत नोकरीला होतो आणि आमचं गिऱ्हाईक होतं लंडनला. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मी तिकडच्या एका बाईंना मेल टाकली - 'यू शुड सेंड द फाईल बाय फ्रायडे.' दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "अरे, गिऱ्हाईकाला हुकूम सोडतोस?"

मला खरंच कळेना. मनात तर वाक्य होतं, "फाईल शुक्रवारपर्यंत पाठवावी." यात हुकूम कुठे आला? लहानपणापासून घरात येणारी पत्रं ऐकलेली - उत्तर पाठवावे, लोभ असावा, चूकभूल द्यावी घ्यावी. 'आवे' म्हणजे आपल्याकडे हात जोडूनच बोलणं. आणि शाळेत 'आवे' दिसलं की 'शुड' लिहायचं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. व्याकरणात चूक नव्हती, तरी बाई दुखावल्या. ते शल्य बरीच वर्षं राहिलं, आणि त्यापायी मी या शब्दांच्या जन्मपत्रिका बघायला लागलो.

तर मंडळी, 'शुड' हे 'शॅल'चं भूतकाळी रूप. आणि 'शॅल'चा मूळ अर्थ - देणं लागणं! अगदी पैशाचं देणं. सुमारे हजार वर्षांपूर्वी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचं जुन्या इंग्रजीत भाषांतर झालं. त्यात एक कारभारी कुळाला विचारतो, "माझ्या धन्याचं तू किती देणं लागतोस?" तिथे क्रियापद हेच आहे. जर्मनमधला 'शुल्ड' हा याच घराण्यातला. त्याचा अर्थ कर्जही आणि अपराधही. पुढे पैसा गेला, कर्तव्य उरलं. म्हणजे मी हात जोडून 'पाठवावी' म्हणत होतो आणि बाईंना ऐकू येत होतं, "तुम्ही देणेकरी आहात, टाका ती फाईल!"

बाकीची भावंडंही अशीच. 'विल' म्हणजे इच्छा असणं. 'मे' म्हणजे अंगात बळ असणं. ताकद या अर्थाचा 'माइट' त्याच मुळाचा. वर्गाच्या दारात "मे आय कम इन टीचर" असं केविलवाणं ओरडताना आपण मुळात "माझ्यात आत यायचं बळ आहे का?" असं विचारत होतो! आणि 'कॅन' म्हणजे जाणणं. त्याचाच नातलग 'अनकूथ', म्हणजे मुळात अनोळखी आणि आता अडाणी, असभ्य. सभ्यपणाचा शिरोमणी 'कुड' आणि असभ्य 'अनकूथ' एकाच पोटचे, ही मला तरी फार गमतीची गोष्ट वाटते. (जाता जाता : 'कुड'मधला 'एल' मुळात नव्हताच. 'वुड' आणि 'शुड'मध्ये तो हक्काचा होता, त्यांचं पाहून १५व्या-१६व्या शतकात यानेही लावून घेतला. मग तिघांचाही उच्चारातून गेला. शाळेत यासाठी मी पट्ट्या खाल्ल्या आहेत.)

पण विनंतीचं ओझं या क्रियापदांवर आलं कसं? इंग्रजीत पूर्वी आपल्यासारखंच दोन तऱ्हेचं 'तू' होतं. एकाला म्हणायचं तर 'दाऊ', अनेकांना 'यू'. मग फ्रेंचांचं बघून मोठ्या माणसाला एकट्यालाही 'यू' म्हणायला लागले, आणि 'दाऊ'ला अरे-तुरेचा वास येऊ लागला. १६०३ साली सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात एकेरीवर आला, आणि 'मी तुला दाऊच म्हणणार' असं वर सुनावलंही. पुढे क्वेकर पंथाचे लोक माणसं सारखीच म्हणून न्यायाधीशालाही 'दाऊ' म्हणू लागले आणि त्यापायी मार खाऊ लागले. त्यांच्या जॉर्ज फॉक्सने १६६० साली सहकाऱ्यांसोबत या 'दाऊ'च्या समर्थनार्थ अख्खं पुस्तक काढलं. तरीही १७व्या शतकाच्या अखेरीस शिष्टांच्या बोलण्यातून 'दाऊ' जवळपास गेलाच. सगळेच 'यू' झाले. आता मान दाखवायचा कुठे?

शेक्सपिअरच्या नाटकांतली माणसं सरळ आज्ञार्थ वापरतात आणि जोडीला 'प्रे' किंवा 'प्रिदी', म्हणजे 'विनवतो', असं लावतात. 'कुड यू' म्हणत काम सांगायची रीत पुढची. ती १९व्या शतकात अंगवळणी पडली. सर्वनामातला मान गेला आणि तो क्रियापदात येऊन बसला, असं आपलं मला वाटतं.

त्यातही भूतकाळच का? 'कॅन यू'पेक्षा 'कुड यू' मऊ का? याचं उत्तर मला बँकेच्या रांगेत मिळालं. पुढचे आजोबा काउंटरवर म्हणाले, "जरा काम होतं." होतं! काम तर आत्ता आहे. आपणही दुकानात "साखर हवी होती" म्हणतो, "आलात तर बरं होईल" म्हणतो. मागणं भूतकाळात किंवा जर-तरच्या पलीकडे ढकललं की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. 'कुड' आणि 'वुड' हेच करतात. त्यात दडलेलं असतं, 'तुमची इच्छा असती तर'. म्हणजे ही युक्ती मला आईच्या दुधाबरोबर मिळालेली होती. फक्त इंग्रजी लिहिताना मी 'होतं' घरी ठेवून 'आवे' घेऊन गेलो.

असो. साहेबांच्या सांगण्यावरून मी त्या बाईंची माफी मागितली, 'कुड यू प्लीज' लिहायला शिकलो. दोनेक महिन्यांनी त्यांची मेल आली - 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिबली लुक ॲट द रिपोर्ट.' मी वाचली. बाईंच्या मनात काहीतरी चाललंय, बघतील त्यांचं त्या, असं समजून बाजूला ठेवली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी पुन्हा केबिनमध्ये बोलावलं.