इंग्लिस सूत्र आणि कऱ्हा-नीरा खोऱ्यातील ओढे

सोमेश्वरनगर-बारामती परिसरातील ओढे नीरा व कऱ्हा या नद्यांना मिळतात. अशा ओढ्यांवर प्रवाहमापनाची सोय क्वचितच असते. त्यामुळे पूल बांधताना महत्तम पूर सूत्रानेच काढावा लागतो. मुंबई इलाख्यासाठी सी. सी. इंग्लिस यांनी १९३० च्या सुमारास असे सूत्र मांडले. १०० चौरस किलोमीटर पाणलोटास ते सेकंदाला सुमारे १,१८० घनमीटर प्रवाह देते. मात्र त्याचा आधार सह्याद्रीतील पंख्याच्या आकाराची पाणलोट क्षेत्रे हा होता. शिवाय त्यात क्षेत्रफळ हे एकच चलपद आहे. पर्जन्यमानासही स्थान नाही! पर्जन्यछायेतील या प्रदेशास ते अवास्तव वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पूर ठरतो तो एका रात्रीच्या पावसावर. सप्टेंबर २०१९ मध्ये पुरंदर तालुक्यातील अतिवृष्टीने कऱ्हेला महापूर आला आणि बारामतीतील हजारो नागरिकांना रातोरात घरे सोडावी लागली.