मंडळाच्या ईमेलमधील फोल्डरांचा क्रम

कार्यकारिणी बदलली की ईमेलचा पासवर्ड नव्या चिटणीसांकडे जातो. कोणते पत्र कुठे आहे हे मात्र जुन्यांनाच ठाऊक असते. म्हणून मंडळाच्या जीमेल खात्यातले फोल्डर, म्हणजे तिथली लेबले, आम्ही ठरावीक क्रमाने लावतो.

इनबॉक्स, पाठवलेली पत्रे यांची जागा ठरलेली असते. आपण केलेली लेबले वर्णानुक्रमे लागतात, ओढून वर-खाली करता येत नाहीत. त्यामुळे वर्षातून एकदा लागणारा 'गणेशोत्सव' वर आणि रोजचे 'सभासद', 'हिशेब' तळाशी. यावर उपाय म्हणजे नावाआधी आकडा: '१० सभासद', '२० हिशेब', '३० गणेशोत्सव'. दहा-दहाचे अंतर मुद्दाम ठेवले आहे. उद्या 'ग्रंथालय' मध्ये घालायचे झाले तर १५ मोकळा आहे. आकडे सगळ्यांनी एकाच लिपीत टाकावेत, नाहीतर यादी विस्कटू शकते.

संगणकावर लेबलाशेजारच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून नाव बदलता येते. आतली पत्रे तशीच राहतात. जुने हिशेब 'हिशेब'खाली '२०२३-२४', '२०२४-२५' अशी उपलेबले करून ठेवावेत. ती आपोआप सालवार लागतात.